थुंकीवाल्या मॅडम

कारेगावात येऊन डॉक्टर म्हाळसा लकडे कुठं भेटतील असं विचारलंत, तर लोक तुम्हाला सरळ दातांच्या दवाखान्याकडं पाठवतील. थुंकीवाल्या मॅडम म्हणालात, तर टपरीवरचा माणूस हातातला चहा ठेवून रस्ता दाखवायला उठेल. बाई दातांच्या नाहीत, दवाखान्याच्याही नाहीत. बाई शास्त्रज्ञ आहेत. माणसाचं अंग दिवसाच्या कुठल्या वेळी जागं होतं, कधी मरगळतं, थकवा साचत गेला की आत काय बिघडतं, या एका गोष्टीवर त्यांनी उभं आयुष्य घातलंय. आणि त्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक माझ्या डोळ्यांदेखत, कारेगावच्या मारुतीच्या सभामंडपात, सगळ्या गावासमोर उघडी पडली. ती मी सांगणार आहे. बाईंनी सांगू नका म्हटलेलं नाही. म्हणाल्या, लिहा, पण फुगवू नका.

मी मांडवगण फराट्याचा. आडनावानं फराटे, शिक्षणानं दहावी नापास. कंपनीनं कंत्राटावरून काढून टाकल्यावर कायदे मी स्वतः वाचले, शिरूरच्या एसटी स्टँडवर बसून. कारखान्यांचा कायदा मला अर्ध्या वकिलांपेक्षा जास्त पाठ आहे आणि हे मी त्यांच्या तोंडावर सांगतो. रांजणगावच्या कंपन्यांतल्या पोरांची कामं मी बघतो. कारेगावात एका झेरॉक्सच्या दुकानात माझं एक टेबल आहे, त्यालाच लोक ऑफिस म्हणतात.

त्या टेबलासमोर एके दिवशी बाई येऊन बसल्या. साधी सुती साडी, खांद्याला कॉलेजच्या पोरींसारखी सॅक. पाळीत काम करणाऱ्या माणसांची थुंकी पाहिजे म्हणाल्या. माझ्याकडं फोटो काढायला येणारे, सर्व्हे करायला येणारे, ताक पिऊन जाणारे लय येऊन गेलेत. मी विचारलं, थुंकी घेऊन करणार काय, कंपनीला विकणार? बाई शांतपणे म्हणाल्या, "गिऱ्हाईक असलं तर सांगा फराटे, निम्मं तुमचं."

मला हे उत्तर आवडलं. बाईमाणूस टेबलाशी येऊन माझ्यावरच पलटवार करतं म्हटल्यावर मी चहा मागवला.

बाई मूळच्या दौंड तालुक्यातल्या, वरवंडच्या धनगराच्या. त्यांच्या घरानं मेंढरं विकली आणि थोडी शेती केली. वडील ज्योतिबा मात्र रेल्वेत लागले. दौंड जंक्शन. तिथं त्यांचं काम होतं कॉलमनचं. म्हणजे इंजिनाचे ड्रायव्हर, गार्ड, यांच्या घरी जाऊन दार वाजवायचं आणि सांगायचं, अमुक गाडीवर अमुक वेळेला हजर व्हा. तेव्हा घरोघरी फोन नव्हते. सायकल, कंदील आणि सहीची वही. कधी पहाटे, कधी भर दुपारी, कधी मध्यरात्री. सगळ्या दौंडला उठवणारा हा माणूस स्वतः कधी धड झोपलाच नाही. घरी आला की भिंतीला टेकून बसायचा आणि घास हातात असतानाच डुलकी काढायचा. लहानग्या म्हाळसाला वाटायचं, सगळ्यांचे बाप असेच जेवतात. पुढं शाळेत मैत्रिणीच्या घरी गेली आणि तिचे वडील पूर्ण जेवण जागेपणी करताना पाहिले, तेव्हा तिला कळलं की आपल्या घरात काहीतरी वेगळं चाललंय.

दौंडला बीएस्सी, पुण्यात प्राणिशास्त्र. तिथं त्यांनी खारीवर पीएचडी केली. खार अंधाऱ्या खोलीत ठेवली, दिवस-रात्र काही कळू दिलं नाही, तरी ती ठरल्या वेळी उठते आणि ठरल्या वेळी निजते. अंगातच घड्याळ असतं म्हणे. वरवंडच्या भावकीत यावर हसायला कमी नव्हतं. मेंढरं हाकायची सोडून ज्योतिबाची पोर उंदरं हाकतीय, असं चुलते म्हणायचे. लग्नाचं बोलायचे. बाईंनी लग्न केलं नाही, उत्तरही दिलं नाही.

नोकरी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत मिळाली. खारीचं घड्याळ कळलं, पण बापाचं बिघडलेलं घड्याळ काही दुरुस्त होईना. ज्योतिबाआप्पा निवृत्त झाल्यावरही रात्री उठून चप्पल घालायचे. तेव्हा बाईंनी प्राणी सोडले आणि माणसाकडं वळल्या. आधी दौंडचे रेल्वेवाले, मग आमचे पाळीवाले.

आता थुंकीचं. बाईंनी मला जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. आपल्या अंगात एक रस असतो, कॉर्टिसॉल. सकाळी डोळा उघडल्यावर थोड्याच वेळात तो भरभर चढतो आणि माणसाला कामाला जुंपतो. मग दिवसभर उतरत जातो, निजायच्या वेळेला तळाला जातो, म्हणून झोप लागते. ताण आणि पाळ्या वर्षानुवर्षं चालल्या की हा चढउतार मोडतो. हा रस रक्तात सापडतो तसा थुंकीतही सापडतो, आणि सुई न टोचता सापडतो. कापसाचा एक छोटा बोळा तोंडात मिनिटभर चघळायचा, नळीत टाकायचा, झाकण लावायचं, नाव चिकटवायचं, गारठ्यात ठेवायचं. उठल्या उठल्या एक, अर्ध्या तासानं दुसरी, मग दुपारी एक, संध्याकाळी एक, निजताना एक. चूळ भरायची नाही, चहा नाही, तंबाखू तर अजिबात नाही.

बाईंचं हे काम सुरू असतानाच कंपनीनं घोळ घातला. नाव लिहीत नाही, गाड्यांचे पार्ट बनवणारी एक कंपनी धरा. आठ तासांच्या तीन पाळ्या मोडून बारा तासांच्या दोन करायचं तिनं ठरवलं. आम्ही कामगार खात्याकडं तक्रार केली. अधिकारी म्हणाले, बारा तासांनी माणूस मोडतो हे तुम्ही म्हणता, कंपनी म्हणते मोडत नाही. पुरावा आणा. पुरावा म्हणजे बाईंचा अहवाल. आठ तासांच्याच फिरत्या पाळीत अंगाची काय दशा झालीय ते त्यात निघणार होतं. तो सुनावणीत टिकला तर बारा तासांची पाळी थांबणार, नाही टिकला तर सुरू होणार. इतकं सरळ होतं.

पोरं तयार केली ती मी. त्यात सत्यजीत पहिला. मशीनवर ऑपरेटर, बोलायला गरीब, कामाला वाघ. पत्र्याच्या चाळीत एका खोलीत राहतो, बायको पूनम आणि लहान पोरगी प्रगती. पूनम आमच्या मांडवगणचीच. बाईंनी सगळ्यांच्या घरी जाऊन शिकवलं. नळ्या कुठं ठेवायच्या हा प्रश्न आला, कारण निम्म्या खोल्यांत फ्रीज नाही. शेवटी साखरबाईच्या किराणा दुकानातल्या आईस्क्रीमच्या फ्रीजात एक पत्र्याचा डबा ठेवायचं ठरलं. साखरबाई भडकल्या. लोकांचं उष्टं माझ्या मालाशेजारी? धंदा बसवता का माझा? बाईंनी वाद घातला नाही. डबा आत ठेवला, त्याच्याच शेजारचा एक कप काढला, दुकानाच्या पायरीवर बसून सगळ्यांसमोर खाल्ला. मग साखरबाईंचं तोंड बंद झालं. पुढं तर त्याच सगळ्यांना दटावायच्या, नळी आणली का रे, का नुसताच बिडीला आलास.

निकाल आला तेव्हा बाईंचा फोन आला, आणि आवाज वेगळाच होता. एवढं वाईट मी दौंडच्या ड्रायव्हर लोकांतही पाहिलं नाही म्हणाल्या. सकाळची चढण जवळजवळ नाहीच. निजायच्या वेळची नळी दुपारच्या नळीसारखी भरलेली. या माणसांच्या अंगाला रात्र झाल्याचं कळतच नाही. त्यांना धक्का बसला होता. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? माणसं मोडलीत याचा पुरावा हातात आला म्हणून मी झेरॉक्सच्या दुकानात पेढे वाटले.

बाईंचा एक नियम होता. ज्यांनी थुंकी दिली त्यांना निकाल आधी सांगायचा, साहेब लोकांना नंतर. म्हणून सुनावणीच्या आठ दिवस आधी मारुतीच्या सभामंडपात सगळ्या घरांना बोलावलं. पुरुष मागं भिंतीला टेकून, बाया पुढं सतरंजीवर. बाई उभ्या राहिल्या आणि आधी आभारच मानत सुटल्या. डोळ्यांवर झापड असताना अलार्म लावून उठायचं, चूळसुद्धा न भरता बोळा चघळायचा, हे सोपं नाही म्हणाल्या. सत्यजीतचं तर नाव घेऊन कौतुक केलं, एकही नळी चुकली नाही म्हणून. सत्यजीत मान खाली घालून पायाचा अंगठा बघत होता. मला वाटलं, लाजतोय.

पूनम पुढंच बसली होती, मांडीवर प्रगती. ती अगदी सहज बोलली.

"मॅडम, त्यांनी कुठं चघळलं? ते झोपल्यालं असायचं. मीच चघळायचे."

बाईंना आधी नीट ऐकू गेलं नसावं. त्यांनी विचारलं, एखाद्या दिवशी का?

"न्हाई, रोजच. अलार्म वाजला की मी आधी तो बंद करायचे, मग बोळा घ्यायचे. दमून आल्याल्या माणसाला थुंकीसाठी उठवायचं म्हंजी पाप न्हाई का?"

मी मागून ओरडलो, अगं पण नळीवर नाव त्याचं होतं ना.

"मग? त्यांच्या ताटात त्यांच्यामागं मीच जेवते, दादा. त्यांचं उष्टं त्येच माझं उष्टं. त्यात येगळं काय निघणार हाय?"

मला वाटलं, आता बाकीच्या बाया हसतील. एकही हसली नाही. उलट माना हलायला लागल्या. आमच्याकडंबी तसंच, असं एक म्हणाली. दुसरी, रश्मी नावाची, तिनं तर बाईंनाच समजावलं, "रेशनकार्डावर बी नाव त्यांचंच असतंय मॅडम. धान्य काय ते एकटंच खात्यात?"

मी पुरुषांकडं बघितलं. सगळ्यांचे डोळे भिंतीवर. म्हणजे हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणाला यात सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं. साखरबाई, ज्या डब्याची राखण करायच्या, त्यासुद्धा म्हणाल्या की नळ्या आणून द्यायच्या त्या बायाच, पुरुष कुठला येतोय.

बाई बायांच्याच सतरंजीवर खाली बसल्या. पंचवीस वर्षं शास्त्र शिकलेलं माणूस. माप काढायचं कसं, नळी धरायची कशी, सगळं शिकवलं. फक्त तोंड कुणाचं असणार ते विचारायचं राहिलं. त्यांच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही आलं नाही, आणि मी तर रोज याच चाळीतून फिरतो. मग त्यांनी पूनमला एकच विचारलं, तो अलार्म वाजायच्या आधी तू किती वेळ जागी असायचीस? पूनम म्हणाली, ते पाळीवर. पहिली पाळी असली की पहाटे चारला डबा, तिसरी असली की ते सकाळी येणार म्हणून जाग, मग दिवसभर ते झोपणार म्हणून पोरीला घेऊन बाहेर गॅलरीत. दुसरी असली की रात्री ते येईपर्यंत जेवायचं थांबायचं. "म्हंजी पाळी माझीबी हायेच की," ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं.

सभा मोडली. बाई माझ्या टेबलाशी आल्या. उरलेल्या थुंकीवरून ती बाईची की पुरुषाची एवढं तपासता येतं म्हणाल्या, ते करून घेते. मी म्हटलं, काही करू नका. गप राहा. सुनावणी आठ दिवसांवर आलीय. पुरुषाची काय, बाईची काय, अंग मोडलेलं आहे हे खरंय ना? कळणार आहे कुणाला?

"फराटे, मंडपात साखरबाई होती," त्या म्हणाल्या. "एव्हाना शिरूरला कळलं असेल."

मी म्हणालो, कळू द्या, बायांच्या गप्पा म्हणून सोडून देतील. तेव्हा बाई पहिल्यांदा माझ्यावर चिडल्या. "तेच तर. मी गप्प राहिले, तर पूनमचं अंग कायमचं सत्यजीतच्या नावाखाली गाडलं जाणार. मी स्वतःच्या हातानं गाडणार ते." मी टेबलावर हात आपटला. ग्लास फुटला. बाई सॅक उचलून दौंडच्या गाडीला निघून गेल्या.

तपासणीत निघालं ते असं: निम्म्याहून जास्त नळ्या बायांच्या. वर आणखी एक भानगड. सकाळची चढण दिसली नव्हती, कारण बाया अलार्मच्या कितीतरी आधी उठलेल्या. म्हणजे तो निकाल पुरुषांचाही नाही आणि बायांचाही धड नाही. रात्रीच्या नळ्या तेवढ्या विचार करायला लावणाऱ्या होत्या.

सुनावणीला मला अजून आशा होती, की ऐनवेळी बाईंना सुबुद्धी सुचेल. बाई उभ्या राहिल्या आणि पहिल्याच वाक्यात म्हणाल्या, माझा अहवाल मी मागं घेते. मग सगळं सांगितलं. ताट, उष्टं, रेशनकार्ड, काही लपवलं नाही. कंपनीचा वकील आधी चकित झाला, मग इतका हसला की त्याला रुमाल काढावा लागला. शेवटी बाईंनी अधिकाऱ्यांना विनंती केली, की बारा तासांची पाळी लागली तर ती या बायांच्याही अंगावर पडेल, तेव्हा निर्णयाआधी त्यांचं मोजू द्या. वकील उठला. या महिला कंपनीच्या हजेरीपटावर नाहीत, त्यांचा इथं विषयच येत नाही, म्हणाला. अधिकाऱ्यांनी कायदा बघितला आणि कायद्यात तसंच होतं. माझा तोल गेला. मी काय बोललो ते इथं छापता येणार नाही. शिपायानं मला बाहेर काढलं.

पुढच्या एक तारखेपासून बारा तासांची पाळी. बाईंच्या संस्थेनं त्यांना त्या कामावरून बाजूला केलं. एका मोठ्या मासिकानं त्यांचा लेख घेतला होता, तोही त्यांनी पत्र लिहून परत मागवला. मी बाईंशी बोलणं टाकलं. शत्रूनं हरवलं तर मी समजू शकतो. आपल्याच माणसानं उभं राहून आपलाच पुरावा फाडायचा, हे मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

बाई मात्र रजा टाकून कारेगावात यायला लागल्या. हे मला रश्मीकडून कळलं. त्या घरोघरी जाऊन प्रत्येक बाईला तिचा तिचा निकाल सांगत होत्या. पूनमच्या खोलीत फरशीवर खडूनं त्यांनी एक टेकाड काढलं, धडधाकट माणसाचा दिवस असा असतो म्हणाल्या. शेजारी एक सपाट रेघ ओढली. ही तुझी. पण हे पक्कं नाही, मापच चुकलंय. पक्कं कळायचं तर आधी तुझं अंग कोरं करावं लागेल. महिन्याच्या शेवटच्या रात्रीपासून आठ दिवस, रात्री दहा ते सकाळी सहा सलग झोप, आणि उठल्याबरोबर एक नळी, अर्ध्या तासानं दुसरी.

पूनमनं विचारलं, औषध न्हाई का काही? बाई म्हणाल्या, सध्या हेच औषध समज. मधे उठायचं नाही.

"कुणासाठीच न्हाई?"

"कुणासाठीच नाही," बाई म्हणाल्या. त्यांच्या मनात पाण्याचा नळ होता, पोरीचं रडणं होतं. बाकी काही त्यांच्या ध्यानात आलं नाही. हेच त्यांनी पुढच्या खोलीत सांगितलं, त्याच्या पुढच्या खोलीत सांगितलं. सगळी चाळ झाली.

एक तारखेला पहाटे मी कंपनीच्या गेटवर उभा. दंडाला काळी फीत, हातात पत्रकं. एकटाच. सहाचा भोंगा व्हायची वेळ आली तरी गेटवर शिरूरकडची तुरळक पोरं सोडली तर कुणी नाही. कारेगावचा तर एक माणूस दिसेना. मला वाटलं, माझं पत्रक लागू पडलं. छाती अशी फुगली म्हणता. मग सुपरवायझर मोटारसायकल काढून चाळीकडं निघाला, म्हणून मीही मागं बसलो. आमचं हाडवैर आहे, पण त्यालाही सोबत हवी होती.

चाळीत दारं बंद. आत मोबाइल वाजत होते. एका खोलीत वाजायचा, थांबायचा, मग पुन्हा वाजायचा. सुपरवायझर दारं ठोकत सुटला. एवढ्यात पूनमचं दार उघडलं. केस विस्कटलेले, डोळे झोपेनं सुजलेले, तोंडात काहीतरी. त्यानं विचारलं, सत्यजीत कुठाय? तिनं एक बोट वर केलं. थांब. तो थांबला. ती शांतपणे चघळत उभी राहिली. मग बोळा नळीत टाकला, झाकण लावलं, आणि बोलली.

"मॅडमनी औषध दिलंय. कुणासाठीबी उठायचं न्हाई."

मागून सत्यजीत बनियनवर बाहेर आला, सुपरवायझरला बघून हबकला आणि बायकोवर घसरला, उठवलं का न्हाईस म्हणून. पूनम म्हणाली, "तुमचा अलार्म वाजला की. तुमीच दाबला." डबा नव्हता, चहा नव्हता, शर्ट कुठंय ते त्याला सापडेना. दारोदार हीच तऱ्हा. मी वीस वर्षं संप बघतोय. नोटीस नाही, घोषणा नाही, पुढारी नाही. मी आपला काळी फीत बांधून चाळीच्या मधोमध उभा, आणि मला कुणी विचारायलाही तयार नाही.

बाईंना कळलं तेव्हा त्या घाबरल्या. खरंच घाबरल्या. मी फक्त झोपायला सांगितलं होतं, फोनवर त्या मला पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. त्यांनी पूनमला येऊन सांगितलंही, की वाटलं तर सोडून दे. पूनम म्हणाली, तुमीच म्हणला व्हता सलग आठ दिवस, आता मधी मोडलं तर माप चुकंल. आठवडाभर कंपनीचं वेळापत्रक कोलमडलं. काही घरांत भांडणं झाली, एका घरात हात उगारला गेला, तेव्हा साखरबाई मधे पडल्या. सत्यजीतचे दोन खाडे पगारातून गेले. कंपनीनं बाईंच्या संस्थेकडं लेखी तक्रार केली, की ही शास्त्रज्ञ कामगारांना भडकवते. संस्थेनं खुलासा मागितला. बाईंनी दोन ओळींत कळवलं, की या झोपेबद्दल मी एकाही कामगाराशी बोललेले नाही.

मग पुन्हा सुनावणी, आणि तीही कंपनीनं मागितलेली. तोच वकील, तोच रुमाल. आणि माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. तो म्हणाला, कामगारांच्या कुटुंबातल्या महिलांच्या झोपेच्या वेळांचा उत्पादनावर गंभीर परिणाम होत असल्यानं त्यांचाही विचार व्हावा. मी अधिकाऱ्यांकडं बघितलं. त्यांनी मागच्या सुनावणीची फाईल पुढं ओढली. मागच्या वेळी तुम्ही काय म्हणाला होतात, ते आठवतंय का, एवढंच त्यांनी विचारलं. बारा तासांची पाळी त्यांनी थांबवली, कायमची नाही. नवीन मोजणी होईपर्यंत. पुरुष आणि बाया, दोघांची. मोजणी कोण करणार म्हटल्यावर दोन्ही बाजूंकडं एकच नाव होतं. कंपनीनं तरी दुसरं कुणाचं घ्यावं? बाकीच्यांनी स्वतःचा अहवाल स्वतः फाडलेला नव्हता.

आता ती मोजणी चालू आहे. पूनमच्या आठ दिवसांनंतरच्या नळ्यांत सकाळची चढण दिसली म्हणे, थोडी का होईना. मी लगेच पत्रकात छापायला निघालो होतो. बाईंनी अडवलं. एका बाईचे आठ दिवस म्हणजे पुरावा नाही, म्हणाल्या. साखरबाईंच्या दुकानात आता दोन डबे आहेत, आणि नळी द्यायला येणाऱ्यानं तिथंच, त्यांच्या डोळ्यांसमोर चघळायची. सत्यजीत येतो, तोंड वाकडं करून चघळतो, पूनमकडं बघत नाही.

परवा बाई टेबलाशी बसल्या होत्या. मी चहा सांगितला आणि हळूच विचारलं, की ही मोजणी आपल्या बाजूनं जाईल ना? पुरुषांच्या नळ्या निघतील ना वाईट?

"अजून उघडलेल्या नाहीत," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, पण समजा, पुरुषांच्या चांगल्या निघाल्या. आजवर जे मोडत होतं ते सगळं बायांनीच अंगावर घेतलं असलं, पुरुष ठणठणीत निघाले, तर कंपनी म्हणेल, बघा, बारा तास झेपतात. मग काय करायचं?

"मग मी तसंच सांगेन, फराटे."

मी कप खाली ठेवला. बाई आपला चहा पीत होत्या, अगदी निवांत, जसं काही त्यांनी मला पुढच्या एसटीची वेळ सांगितली होती.